सामाईक बुटकी

१ फेब्रुवारी

सोनबा तात्या चहाला म्हणून आले आणि डोक्याला भुंगा लावून गेले.

"मानसिंग, बुटकीला औंदा पंधरा वर्सं होत्यात. एप्रिल उजाडला की कागद संपला. पासिंग करून घितलं न्हाई तर ती गाडी न्हवं, भंगार. एक भंगारवाला इचारतोय. दोघं मिळून देऊन टाका आन् मिटवा एकदाचं. किती दिस ह्ये सामाईक लोढणं ठेवायचं?"

मी विचारलं, तो काय म्हणतोय. तो म्हणजे कुंडलिक, माझा धाकटा भाऊ. तोंडानं मी त्याचं नाव घेत नाही. या वहीत लिहितो ते वेगळं. पंपहाऊसवर नोकरी होती तेव्हापासून रोजची नोंद लिहायची सवय आहे, ती जात नाही.

"दादा म्हंतील तसं, म्हंतोय," तात्या म्हणाले.

बघा. म्हणजे भंगारात गेली तरी याला काही नाही.

हायवेला जमीन गेली त्या साली आम्ही दोघं पुण्याला ट्रॅक्टर घ्यायला गेलो होतो आणि ही गाडी घेऊन आलो. भोंगवलीत ज्याला त्याला उंच जीप पाहिजे होती. ही चार दारांची, परदेशी, जमिनीला पोट लावून पळणारी. कुंडलिक शोरूमात तिच्यात बसला तो उठेनाच. त्याला उठवायला म्हणून मी शेजारी बसलो, आणि मलाही उठवेना. पाडव्याला घरी आणली. गावानं त्याच दिवशी बुटकी नाव ठेवलं.

दहा वर्षांपूर्वी वाटणी झाली. हायवेकडच्या तुकड्यात मी म्हटलं ऊस, तो म्हणाला टायरचं दुकान. शब्दाला शब्द लागला. पंचांनी शेत वाटलं, विहिरीला पाळी लावली, आंबा एक साल त्याचा एक साल माझा. गाडीशी अडले. शेवटी सोनबा तात्यांनीच अक्कल लढवली. गाडी माझ्या शेडात, किल्ली कुंडलिककडं. कागदावर नाव माझं, कागद कुंडलिककडं. एकट्याला विकता येऊ नये म्हणून. दुसरी किल्ली केव्हाच विहिरीत पडली होती. तेव्हापासून तो सारोळ्यात पुलाजवळ टायर विकतो, मी इथं ऊस लावतो. बोलणं नाही.

एकेक करत सगळं वाटून झालं. दोघांत सामाईक म्हणून एवढी बुटकीच राहिली आहे. ती गेली की त्याचा माझा काडीचा संबंध नाही. बरंच आहे की.

पण भंगारवाल्याला मी ती देणार नाही. पासिंग करून घेणार.

२ फेब्रुवारी

आज शेड उघडलं. दहा वर्षांत तिच्याकडं मी फिरकलो नव्हतो. पेंडीचं पोतं घ्यायला जायचो तेसुद्धा पाठ करून.

वरची ताडपत्री काढली आणि थक्क झालो. चारी टायरांत हवा आहे. जुन्या मालाची गोष्टच वेगळी. आजकालचं टायर महिनाभर उभं राहिलं की बसतं. काचांवर धूळ नाही, कारण माझ्या शेडाचं दार घट्ट बसतं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला, ताजं पेट्रोल. आटलंही नाही.

एक मात्र कळेना. वाटणीच्या वेळी तिचं नाक खांबाच्या अलीकडं होतं, आता पलीकडं आहे. जमीन थोडी कलती झाली असावी.

बायको, सुलक्षणा, दारात उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, वस्तू राखावी तर अशी. ती म्हणाली, "व्हय, राखली खरी." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. वेल्ह्याच्या माहेरची माणसं, कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

३ फेब्रुवारी

बाजारचा दिवस. गाडीचं काम काढलं होतं म्हणून जात नव्हतो, तर सुलक्षणा म्हणाली जिरं संपलंय. जिऱ्यासाठी भोरला. आलो तर बरणी अर्धी भरलेली. म्हटलं, हे काय. म्हणाली, "ह्ये जुनं हाय." जिरं कधी जुनं होतं का?

५ फेब्रुवारी

सारोळ्याहून गोरख मिस्त्री आला. हा सुलक्षणाच्या गावचा, धनगरवाड्यावरचा. पुण्यात अशाच गाड्यांच्या गॅरेजात बारा वर्षं काढून आता हायवेला स्वतःचं टाकलंय. बडबड फार. चार वाक्यांत तीनदा स्वतःचं नाव घेतो.

बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कोपऱ्यात कापराच्या वड्या आणि तंबाखूच्या पुरचुंड्या. उंदीर वायरी खातात म्हणून कुणीतरी ठेवलेल्या. सुलक्षणानंच, दुसरं कोण. गोरखनं ऑइलची पट्टी काढून फडक्यावर पुसली. मधासारखं पिवळं ऑइल.

"दहा वर्सं उभ्या गाडीचं ऑइल डांबरागत व्हतंय," असं म्हणाला आणि एकदम गप्प झाला. सुलक्षणाकडं बघितलं. मग म्हणाला, "तुमच्या शेडाची हवा चांगली हाय, आबा."

हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. बॅटरीवर २०२४ लिहिलंय, तो मॉडेल नंबर असणार.

बाकी आजार मात्र बरेच निघाले. प्लास्टिकची पाण्याची टाकी तडकली आहे. होज पाईप दाबला की कुडकुड वाजतो. वरच्या झाकणाचं पॅकिंग गळतंय. ब्रेकच्या थाळ्यांवर गंज. खालची सगळी रबरं मेलेली. "लोखंडाला काय बी झालं न्हाई," गोरख म्हणाला, "रबर आन् प्लास्टिक तेवढं म्हातारं झालंय. उभं ऱ्हायलं तरी वय व्हतंयच की." माझ्याकडं बघून का म्हणाला ते कळलं नाही.

९ फेब्रुवारी

पुढच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्यात. पासिंगला दिवे स्वच्छ लागतात. गोरख पॉलिश आणणार होता, पण घरात एवढी पितळेची भांडी लखलखतात तिथं पॉलिश कशाला? चिंच आणि राख लावून घासलं. थोडा फरक पडला. मग रांगोळी घेतली आणि चांगला दम लावला.

गोरखनं बघितलं आणि मटकन खाली बसला. काच पिवळी होती ती पांढरी झाली, पण आरपार दिसेना. "आबा, ह्यो हंडा हाय का?" म्हणाला. त्या काचा प्लास्टिकच्या असतात हे मला आधी सांगायला नको का? आता त्याला घासायचा कागद मारून, लेप लावून दोन दिवस बसावं लागणार. मी म्हटलं, एका दिव्यावरच रांगोळी लावली, दुसरा फक्त राखेचा आहे. तरी त्याचं तोंड सरळ झालं नाही.

१० फेब्रुवारी

अंगात कणकण होती. तरी सुलक्षणानं बाजारला धाडलं. "मोकळ्या हवेत बरं वाटंल," म्हणे. एसटीत खोकत गेलो, खोकत आलो. मोरीत दोन कप धुवून पालथे घातलेले होते. विचारलं कोण आलं होतं, तर म्हणाली, "म्याच दोनदा घितला." एकटी बाई दोन कप कशाला खरकटे करेल? पण खोकल्यानं बोलवेना.

१४ फेब्रुवारी

आज खालची रबरं बदलली. गोरख त्यांना बुश म्हणतो. जुनी बाहेर काढली तर हातात चुरा झाली. मी म्हटलं, बोल्ट मी आवळणार. पंपहाऊसवर आयुष्य गेलंय, बोल्टाला किती दम लावायचा ते माझ्या मनगटाला कळतं.

आवळले. पण गाडीखाली शिरताना शिरलो आणि बाहेर येता येईना. बुटकीच ती. पोट खाली, गाडी वर. गोरखनं एक पाय धरला, सुलक्षणानं दुसरा, आणि ओढलं. तेवढ्यात सोनबा तात्या आले. सगळं बघून घेऊन म्हणाले, "पासिंग कुणाचं करायचंय?"

उद्या महाशिवरात्र आहे. गोरख येणार नाही.

१६ फेब्रुवारी

आता किल्लीचं बघावं लागणार. गोरख म्हणतो, ही ट्रॅक्टरसारखी वायर जोडून चालू होत नाही. किल्लीत काहीतरी असतं, गाडी ते ओळखते, मगच बोलते. नवी किल्ली करायची तर कागद लागतात आणि कागदही त्याच्याकडंच. सोनबा तात्यांची अक्कल दहा वर्षांनी माझ्या आडवी आली.

मी जाऊन मागणार नाही. सुलक्षणाला म्हटलं, तुझ्या तोंडून निरोप दे. ती सारोळ्याला जाऊन आली. उत्तर असं: "पंचांचा शब्द हाय. किल्ली एकटी कुठं जात न्हाई. पासिंगच्या दिवशी किल्लीसंगं म्या येतो."

केवढा ताठा. दहा वर्षांत ज्यानं माझ्या शेडात पाऊल ठेवलं नाही, त्याला आता गाडीत बसायचंय. मी बुटक्या गाडीखाली पोट घासायचं आणि यानं येऊन ऐटीत चालवायची. जेवलो नाही. म्हणजे थोडंच जेवलो.

२४ फेब्रुवारी

बाजारचा दिवस. काय लिहू, कसं लिहू.

स्टँडवर गेल्यावर कळलं की चष्मा घरी राहिला. परत फिरलो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि आवाज ऐकू आला. खालच्या पट्टीतला, घशातून काढल्यासारखा. दहा वर्षांत तो ऐकला नव्हता, पण विसरलो नव्हतो. दारात बसलेल्या कमळाबाईनं मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. कमळाबाईला माहीत. सगळ्या गल्लीला माहीत असणार.

शेडाच्या मागच्या झरोक्याशी गेलो. बुटकी चालू होती. मागचं दार धूर जाण्यासाठी सताड उघडं. आत कुंडलिक बसलेला, डोकं पांढरंफेक झालेलं. सुलक्षणा कप घेऊन शेजारी.

"वहिनी, दादांनी बुश बदलल्यात. ऐका, आता खालून आवाज येत न्हाई," तो सांगत होता. "बोल्ट बघितलं म्या. एक ढिला न्हाई. दादांच्या हाताचं काम." मग गाडी हातभर पुढं घेतली, हातभर मागं. "टायर एका जागी बसाया नगं."

सुलक्षणा म्हणाली, "चष्मा घरीच इसरून गेल्यात आज."

"मंग मेथी म्हणून शेपू आणत्यात बघा," तो म्हणाला आणि दोघं हसली.

ऑइल त्याचं. टायरातली हवा त्याची. कापूर, बॅटरी, पेट्रोल, सगळं त्याचं. मी बाजारात भाजीचा भाव करत होतो आणि माझा भाऊ माझ्या घरी येत होता. पाय उचलला आत जायला. मग वाटलं, मी आत गेलो आणि तो परत आलाच नाही तर? आहे हे तरी राहू दे. तसाच मागं फिरलो.

मारुतीच्या पारावर बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं, ते काही चष्मा नव्हता म्हणून नव्हे. दुपारी एक भाजीवाली जात होती तिच्याकडून मेथीची जुडी घेतली आणि एसटीची वेळ झाल्यावर घरी गेलो. सुलक्षणानं जुडी हातात घेतली, वास घेतला आणि शेपूची भाजी केली.

२ मार्च

आठवडाभर कुणाला काही बोललो नाही. डोक्यात मात्र एक आलंय.

गोरखनं नवी पाण्याची टाकी बसवून दिली. होज पाईप मी बसवणार म्हणालो आणि त्याला पाठवून दिलं. पाईप, क्लिपा, कूलंटचा डबा असं सगळं बॉनेटशेजारी स्वच्छ फडक्यावर मांडून ठेवलं. स्क्रू ड्रायव्हरही, दांडा बाहेरच्या बाजूला करून. मग म्हशीला चारा टाकताना जरा मोठ्यानं म्हणालो, उद्या बाजारला जायचंय, पाईप बसवायचा राहिलाच. आता परवा बघू.

सुलक्षणा चुलीशी होती. ऐकलं तिनं.

३ मार्च

होळी असली तरी बाजारला निघालो. सुलक्षणानं पिशवीत पुरणपोळी, पाण्याची बाटली आणि वाकळेची घडी घातली. म्हटलं, बाजारला वाकळ कशाला? म्हणाली, "दगड गार आसतोय." कुठला दगड ते मी विचारलं नाही. बायकांचं काही सांगता येत नाही.

पारावर बसून पुरणपोळी खाल्ली. पुजारी म्हणाला, "मानसिंगराव, भोर लईच जवळ आलं." त्यालाही एक पोळी दिली.

घरी येऊन आधी शेडात गेलो. पाईप बसलेला, कूलंट भरलेलं, फडक्याची घडी घातलेली. एक क्लिप उलटी लावलीय. लहानपणी सायकलची चेनसुद्धा उलटी बसवायचा. हात शिवशिवला सरळ करायला. पण त्याचं काम आहे, मी हात लावला नाही.

१० मार्च

ब्रेक. थाळ्या नव्या आणल्या, पॅड नवे. चार चाकांचं काम. विहिरीकडची दोन चाकं मी काल केली आणि उकिरड्याकडची दोन ठेवून बाजारला गेलो. म्हणजे पारावर गेलो. आलो तर त्याची दोन झालेली. शिवाय माझ्या चाकांचे नटही त्यानं तपासलेले दिसले, ग्रीसची बोटं उमटलेली होती. मला काय नट आवळता येत नाहीत का? मीही त्याचे तपासले. घट्ट होते.

गोरख सगळं बघून म्हणाला, "आबा, तुमी एकट्यानं लई काम उरकलं." तोंडावरची माशी हलू दिली नाही त्यानं. त्याला काही कळलेलं नाही, आणि सुलक्षणालाही नाही. हे एक बरं आहे.

१३ मार्च

सोनबा तात्या भंगारवाल्याला घेऊनच आले. तो माणूस बुटकीभोवती फिरला, दार उघडून लावलं, बोटानं पत्रा वाजवला. बोकड बघायला आल्यासारखा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, हात काढ, ही विकायची नाही.

तात्या म्हणाले, "आरं, म्या तिकडनंच येतोय. कुंडलिक बी त्येच म्हणला. त्येनं तर टायर काढायची टॉमी उचलली. दहा वर्सांत तुमी दोघं पहिल्यांदा एका गोष्टीवर आलायसा." मग भंगारवाल्याला म्हणाले, "चल बाबा, हितं आपलं काम न्हाई."

दादा म्हणतील तसं, हे तो का म्हणाला होता, ते मला आज समजलं असं वाटतंय. मी काय म्हणतो तेच त्याला ऐकायचं होतं. सरळ विचारता आलं नसतं का? पण मीही कुठं सरळ विचारलं.

१६ मार्च

उद्याची तारीख मिळाली. पासिंगचं मैदान लांब आहे, पुण्याच्या पलीकडं. गोरखनं दिवे, वायपर, हॉर्न पुन्हा बघितले. रांगोळीचा दिवाही आता बराच दिसतो.

राहिली किल्ली. आज बाजार नाही, परवा नाही, उद्या आहे. आणि उद्या मला घरी असणं भाग आहे, कारण मालक म्हणून माझी सही. म्हणजे लपूनछपून काही होणार नाही. आला नाही तर सगळं मुसळ केरात. संध्याकाळी अंगणात उभा राहून मोठ्यानं म्हणालो, उद्या उजाडताना निघायचंय, ज्याच्याकडं किल्ली असेल त्यानं यावं.

सुलक्षणा म्हणाली, "मला सांगताय, का सारोळ्याला ऐकू जावं म्हणून वरडताय?"

भीती वाटते. तोंडावर आल्यावर तो काय बोलेल, मी काय बोलेन.

१७ मार्च

आला. पुढच्या दारानं आला. आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, कागदांची पिशवी काखेत घेऊन. माझ्या पाया पडला नाही. दोघंही गाडीकडं बघत राहिलो. त्यानं किल्ली लावली आणि बुटकी पहिल्या झटक्याला चालू झाली. मी शेजारी बसलो. सुलक्षणानं दोघांच्या मध्ये डबा ठेवला आणि म्हणाली, "एकच दिलाय. वाटून खा."

हायवेला लागलो. तिसऱ्या का चौथ्या गिअरला तिनं जी उसळी घेतली, पाठ सीटला टेकली माझी. म्हातारी झालीय असं कोण म्हणेल? कुंडलिकचं तोंड तसंच होतं, शोरूममधल्यासारखं. मी खिडकीकडं बघत होतो म्हणून, नाहीतर माझंही दिसलं असतं.

किकवी मागं पडली. कापूरहोळ आलं. दोघंही मुके.

"दादा, काटा वर चाललाय."

दहा वर्षांनी पहिला शब्द.

"बाजूला घे," मी म्हटलं.

रसवंतीच्या सावलीला थांबवली. बॉनेट उघडलं. पाईपातून थेंब थेंब गळत होतं.

"क्लिप उलटी बसलीया," तो म्हणाला.

"दोन आठवडं उलटीच हाय."

"मंग सांगाचं न्हाई व्हय?"

"कुणाला सांगू? तू तर माझ्या शेडात पाऊल ठेवत न्हाईस."

त्यानं माझ्याकडं बघितलं, क्लिपेकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. "आन् तुमी तरी बाजारला कुठं जाता?" म्हणाला. "वाकळ टाकून मारुतीच्या पारावर बसताय. वाकळ म्याच वहिनीस्नी द्याया सांगितली. दगड गार आसतोय."

मला आधी हसू आलं का त्याला, ते सांगता येणार नाही. रसवंतीवाला घुंगराचं चाक थांबवून बघत राहिला, दोन पांढऱ्या डोक्याची माणसं उघड्या बॉनेटला धरून का हसतात म्हणून. हसता हसता कुंडलिक रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागली हाताला. वाळलाय. म्हटलं, जेवत न्हाईस का? म्हणाला, "जेवतो की. वय झालं, दादा."

इंजिन गार होईपर्यंत रस प्यालो. क्लिप मी सरळ केली, पाणी त्यानं भरलं.

मैदानावर आरटीओच्या साहेबांनी दिवे, ब्रेक, हॉर्न, नंबर सगळं तपासलं. ब्रेक कुणी केले, विचारलं. दोघंही एकदम बोललो, आम्ही. एक दिवा थोडा धुरकट का, असं विचारल्यावर मात्र कुंडलिकनं माझ्याकडं बोट दाखवलं. पास झाली. अजून पाच वर्षं.

येताना त्यानं मला चालवायला दिली. वेग किती होता ते इथं लिहीत नाही. सुलक्षणा वही वाचत नाही, पण नकोच.

१९ मार्च

पाडवा. गुढी उभी केली. बुटकीला हार घातला, हळदकुंकू लावलं. कुंडलिक घरातल्या सगळ्यांना घेऊन जेवायला आला. गोरखही होता. चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि ही गाडी गोरखनंच कशी वाचवली ते सगळ्यांना सांगितलं. कुणी अडवलं नाही.

जेवणं झाल्यावर सोनबा तात्या सुपारी कातरत म्हणाले, आता एकोपा झालाच आहे, तर पंचांची ती जुनी अट काढून टाकू. कुंडलिक उठला, खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली.

"दादा, ठेवा आता तुमच्याकडंच. कागद बी आणून देतो. गाडी हितं, किल्ली तितं, ह्येला काय अर्थ हाय?"

सगळे बघत होते. तात्यांचा अडकित्ता थांबला. बोलणं रीतीचंच होतं. गाडी थोरल्याच्या घरी, किल्ली थोरल्याच्या खुंटीला, गावाच्या नजरेनं सगळं जागच्या जागी. मीही हात पुढं केला होता. पण किल्ली हातात पडायच्या आतच तो मागं घेतला.

"नको," मी म्हटलं.

"का वो?"

बोलणं मला जमत नाही. लिहायचं जमतं, म्हणून ही वही. पण आज बोललो. म्हटलं, "किल्ली माझ्याकडं आली, तर तू कशाला यशील?"

सुलक्षणा आत निघाली होती ती दारातच थांबली. कुंडलिकनं नाक ओढलं, किल्ली परत खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

"येत्या बाजारी ऑइल बदलाचं हाय," तो म्हणाला. "तुमी घरीच ऱ्हावा."

मी म्हटलं, बघू.